सोपे शिखर, अवघड रुग्ण

पाव शतकाहून अधिक काळच्या व्यवसायात मातांना मी सर्वाधिक वेळा विचारलेले प्रश्न दोनच : बाळ खेळते आहे का? आणि दूध नीट घेते आहे का? तान्ह्या मुलाला आपले दुखणे शब्दांत सांगता येत नाही. म्हणून तापमापकातील आकड्याइतकाच बालरोगतज्ज्ञ या दोन उत्तरांवर विसंबून असतो. हेच प्रश्न वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, तेही एका स्वयंपाक्याच्या तोंडून, मला ऐकावे लागतील अशी कल्पना नव्हती. जून २०२२ मध्ये हिमाचल प्रदेशातील फ्रेंडशिप शिखरावर जाताना तो प्रसंग आला. आपल्या मंडळातील अनेक स्नेही अलीकडे हिमालयातील एखादे ‘सोपे’ शिखर चढण्याचा मानस बोलून दाखवतात. त्यांच्या उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने हा अनुभव व त्यामागील शास्त्र येथे मांडत आहे.

‘सोपे’ म्हणजे काय?

फ्रेंडशिप शिखर पीर पंजाल रांगेत, मनालीजवळील सोलंग खोऱ्याच्या माथ्यावर आहे. उंची ५,२८९ मीटर, म्हणजे सुमारे १७,३५० फूट. मनालीहून (सुमारे २,०५० मीटर) धुंडीपर्यंत वाहन जाते. तेथून पायी बकरथाच (सुमारे ३,३०० मीटर) हे मेंढपाळांचे कुरण लागते, आणि त्यापुढे लेडी लेग (सुमारे ३,८४० मीटर) हा मुक्काम. शिखराची अंतिम चढाई तेथून किंवा थोड्या वरच्या तळावरून मध्यरात्रीनंतर सुरू होते.

या वाटेवर उभे कडे चढावे लागत नाहीत. बुटांखाली क्रॅम्पॉनचे काटे बांधून बर्फावर चालणे, आइस ॲक्सचा आधार घेणे, घसरल्यास तीच कुऱ्हाड बर्फात रुतवून स्वतःला थांबवणे आणि दोरावर सहकाऱ्यांशी मेळ राखणे एवढे आले की पुरते. प्रशिक्षक एका दिवसात हे शिकवू शकतो. म्हणून हे शिखर नवशिक्यांसाठी योग्य मानले जाते. मात्र हे ‘सोपेपण’ तंत्रापुरतेच असते. विरळ हवेला आपण नवशिके आहोत की तरबेज, याच्याशी काही देणेघेणे नसते.

निम्मी हवा

समुद्रसपाटीवर असो वा शिखरावर, हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. फ्रेंडशिपच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजनही तितकाच घटतो. शरीर त्यावर उपाय शोधते. श्वसनाची गती वाढते, कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते, आणि ती अल्कता मूत्रपिंडे हळूहळू बायकार्बोनेट बाहेर टाकून सावरतात. या क्रियेला काही दिवस लागतात. ॲसिटाझोलामाइड हे औषध नेमकी हीच क्रिया वेगाने घडवते. प्रौढांनी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा, चढाईच्या आदल्या दिवसापासून घ्यावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. तरीही औषधाने विश्रांतीच्या दिवसाची भरपाई होत नाही.

या विषयाच्या अभ्यासात भारतीय डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. १९६२ च्या युद्धानंतर हजारो जवानांना अल्पावधीत उंचीवर पाठवावे लागले. त्यांपैकी १,९२५ जवानांमधील पर्वतीय आजाराचे वर्णन डॉ. इंदरसिंग व त्यांच्या सैन्यातील सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केले. तो निबंध आजही आवर्जून वाचावा असा आहे.

माझी चूक

आम्ही पाच जण होतो : तीन डॉक्टर, एक सनदी लेखापाल आणि एक प्राध्यापिका. इंदूरची उंची जेमतेम ५५० मीटर. सहा महिने दर रविवारी पाठीवर ओझे घेऊन रालामंडलची टेकडी चढून पायांची तयारी मी उत्तम केली होती. आयोजकांनी आखलेल्या कार्यक्रमात बकरथाचला दोन रात्री होत्या. दवाखाना फार दिवस बंद राहू नये म्हणून त्यांतील एक रात्र गाळावी, अशी सूचना मीच केली. मी डॉक्टर, शिवाय गटात वयाने सर्वांत मोठा, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेडी लेगला पोहोचताच डोके दुखू लागले. उन्हामुळे असेल, असे म्हणून मी पॅरासिटामॉल घेतले व कोणालाही सांगितले नाही. भूलतज्ज्ञ मित्राने सर्वांच्या बोटांना ऑक्सिमीटर लावला. माझा आकडा ८६, इतरांचाही त्याच्या आसपास. तो पाहून मी निर्धास्त झालो. वस्तुतः उंचीवर सर्वांचेच आकडे खाली येतात. आजाराचे निदान लक्षणांवरून करायचे असते, आकड्यावरून नव्हे. विद्यार्थ्यांना मी नेमके हेच शिकवत आलो आहे.

संध्याकाळी स्वयंपाक्याने माझे ताट पाहिले. खिचडी तशीच होती. तो म्हणाला, “साहब, खाना नहीं खाया? दोपहर से बैठे हैं, घूमे भी नहीं।” खेळते आहे का, दूध घेते आहे का, हेच माझे दोन प्रश्न! मला मनोमन शरम वाटली. मग लेक लुईस गुणांकन मांडले. या पद्धतीच्या २०१८ च्या सुधारित रूपात डोकेदुखी आवश्यक मानली असून, तिच्यासह भूक व मळमळ, थकवा आणि चक्कर यांचे गुण मिळून तीन वा अधिक झाल्यास पर्वतीय आजाराचे निदान होते. माझी डोकेदुखी मध्यम (दोन), भूक मंद (एक), थकवा (एक) : एकूण चार.

सुदैवाने चाल सरळ रेषेत पडत होती आणि बसल्या जागी धाप लागत नव्हती. तोल जाणे वा भ्रम होणे हे मेंदूच्या सुजेचे, तर विश्रांतीतही धाप लागणे व खोकला हे फुप्फुसात पाणी साठल्याचे लक्षण असते. पहिल्यावर डेक्सामेथासोन व दुसऱ्यावर निफेडिपिन ही औषधे आहेत, ऑक्सिजनही द्यावा. पण या सर्वांमुळे फक्त वेळ मिळतो. खरा उपाय एकच, तो म्हणजे विलंब न करता खाली उतरणे.

उजेड होता तोवर सहायक मार्गदर्शकाबरोबर मी बकरथाचला परतलो. उतरताना मनात अपमानाची भावना होती, हे कबूल करतो. पण रात्री झोप लागली, सकाळी डोके हलके झाले आणि दोन पराठे कधी संपले ते कळलेही नाही. दुपारी मी सावकाश पुन्हा वर चढलो. हवामानासाठी राखून ठेवलेला एकुलता एक दिवस मित्रांनी माझ्यासाठी खर्ची घातला. त्या रात्री हवा बिघडली असती, तर पाचही जणांचे शिखर माझ्या घाईपायी हुकले असते.

शिखर

तसे झाले नाही. रात्री एक वाजता निघालो. रात्री निघण्याचे कारण असे की थंडीने बर्फ कठीण असते. ऊन चढले की ते मऊ होते, पाय रुततात आणि हिमप्रपाताचा धोका वाढतो. म्हणून सकाळी नऊनंतर कोठेही असलो तरी परतायचे, हे मार्गदर्शकाने निघण्यापूर्वीच सर्वांकडून वदवून घेतले होते. शेवटचा चढ तीव्र होता. दहा पावले, चार श्वास, पुन्हा दहा पावले असे करत साडेआठला आम्ही पाचही जण माथ्यावर उभे राहिलो. समोर हनुमान टिब्बा, दूर देव टिब्बा व इंद्रासन. पंधरा मिनिटांनी उतरू लागलो.

जाऊ इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे थोडके आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपेची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक उंच नेऊ नये व दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. डोके दुखत असताना अधिक उंचीवर झोपू नये. कार्यक्रमातील राखीव दिवस गाळू नये. दुखणे लपवू नये.

उन्हाळ्याच्या सुटीत लहान मुलांना लडाखला न्यावे का, असे पालक विचारतात. मी त्यांना हेच सांगतो की वर गेल्यावर मूल किरकिरे झाले, खाईनासे झाले, झोपेनासे झाले, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच परिणाम समजा आणि खाली या. मूल निदान रडून तरी सांगते. डॉक्टर तेवढेही करत नाही, म्हणून त्याच्या ताटाकडे सोबत्यांनी लक्ष ठेवावे.