सुरुंगावाचून कातळ फोडणे

वर माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, आणि त्याखाली पहार ठणकन परतविणारा काळा पाषाण, असा दख्खनच्या पठारावरील बहुतेक विहिरींचा क्रम असतो. पाषाण लागला म्हणजे सुरुंगाचा विचार सुचणे साहजिक आहे. परंतु विहीर घराला अगर गोठ्याला लागून असेल, किंवा तिचे वरचे बांधकाम जुने असेल, तर एका सुरुंगाने विहिरीला मिळणाऱ्या पाण्यापेक्षा मोठे नुकसान होऊ शकते. हादऱ्याने भिंतींना तडे जातात, उडालेले दगड दूरवर पडतात, आणि न उडालेला सुरुंग मागाहून पहारीच्या घावाने उडून मजूर दगावतात. शिवाय १८८४ च्या स्फोटक अधिनियमानुसार व २००८ च्या नियमांनुसार परवान्यावाचून स्फोटके बाळगणे वा वापरणे हा गुन्हा आहे.

स्फोटाशिवाय दगड फोडता येतो, कारण दगड दाब सोसण्यात बळकट असला तरी ताण सोसण्यात दुबळा असतो. जेवढ्या दाबाने त्याचा चुरा होईल, त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढ्या ताणाने तो दुभंगतो. घणाचा घाव त्याच्या बळाशी झगडतो. पाचर त्याच्या दुबळेपणाचा फायदा घेते. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात अखंड कातळातून कोरले गेले, तेव्हा या देशात बंदुकीची दारू ठाऊकही नव्हती.

पाचरीची रीत पाथरवटांना परिचित आहे. दगड जेथून फुटावा असे वाटते तेथे एका रेषेत, वितीहून कमी अंतरावर भोके पाडावीत. प्रत्येक भोकात दोन अर्धगोल पोलादी पट्ट्या उभ्या बसवून त्यांच्यामध्ये पाचर ठेवावी. मग ओळीतील सर्व पाचरींवर आळीपाळीने हलके घाव घालावेत. एकच पाचर जोराने ठोकणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय; त्याने दगडाचा कोपरा निघतो, भेग मात्र जात नाही. पाचरी ताठल्या की त्यांचा आवाज बदलतो. मग थोडा वेळ थांबावे. पुष्कळदा त्या विसाव्यातच भेग सरकते.

मोठ्या कातळासाठी अलीकडे चुन्याची भुकटी वापरतात. कळीचा चुना विरताना फुगतो हे सर्वांस ठाऊक आहे. ही भुकटी मुख्यतः चुन्याचीच, परंतु फार कडक भाजलेली असल्यामुळे सावकाश विरते व भोकात घट्ट होऊन फुगते. एका दिवसात तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३०० किलोच्याही वर जातो. घरचा कळीचा चुना मात्र या कामी कधीही वापरू नये. तो झपाट्याने विरून उकळतो व भोकाबाहेर उसळतो.

भोके साधारण ३५ ते ४० मिलिमीटर व्यासाची, एकमेकांपासून ३० ते ४० सेंटिमीटरवर घ्यावीत. भोकातील धूळ व पाणी काढून टाकावे. सामान्यतः ५ किलो भुकटीस दीड लिटर थंड पाणी लागते. तरीही पिशवीवरील सूचना प्रमाण मानावी. कालवलेले मिश्रण ५ ते १० मिनिटांच्या आत ओतावे आणि भोकावर बूच मारू नये. उरलेले मिश्रण बाटलीत किंवा बंद डब्यात ठेवू नये, भांडे फुटते.

खरा धोका डोळ्यांना आहे. भोकातील मिश्रण तापले तर ते एकाएकी पिचकारीसारखे वर उडते, आणि चुन्याने दृष्टी कायमची जाऊ शकते. ओतल्यानंतर काही तास भोकात डोकावू नये, ही ताकीद ग्रामकार्यकर्त्यांनी प्रत्येक मजुरास तोंडी द्यावी. पिशवीवरील बारीक अक्षर कोणी वाचत नाही. चश्मा व रबरी हातमोजे घालूनच काम करावे. डोळ्यात कण गेल्यास निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन तात्काळ दवाखाना गाठावा. भुकटी हवामानाच्या उष्णतेप्रमाणे निरनिराळ्या प्रकारची मिळते. चैत्र-वैशाखात थंडीतली भुकटी वापरणे म्हणजे अपघातास बोलावणे होय. त्या दिवसांत उन्हाने तापलेल्या कातळावर सावली करून काम सूर्यास्तानंतर करावे.

विहिरीच्या तळाशी आणखी एक अडचण येते. भेगेला सरकण्यासाठी मोकळी बाजू हवी, आणि तळाला वरच्या बाजूखेरीज दुसरी बाजूच नसते. म्हणून प्रथम मध्यभागी जवळजवळ भोके पाडून, छिन्नी व घणाने फोडून एक खड्डा तयार करावा. मग त्याच्या सभोवतीचा कातळ खड्ड्याच्या दिशेने ओळीओळीने फोडीत जावे. हे काम सुरुंगापेक्षा संथ व खर्चाचे आहे हे खरे, आणि विहीर उघड्या माळावर असेल तर परवानाधारकाकडून सुरुंग लावणेच परवडेल. भोके पाडण्याच्या यंत्राचे इंजिन विहिरीत उतरवू नये; त्याच्या धुराने खालची माणसे गुदमरतात.

जुन्या पंपाचा काँक्रीटचा चौथरा याच रीतीने फुटतो. आतील लोखंडी सळ्या मात्र भुकटीने तुटत नाहीत. भेगा रुंदावल्यावर त्या करवतीने कापून मग तुकडे पहारीने सुटे करावे लागतात.