पी/ई रेशो: डीमार्टचा नफा वाढला, तरी शेअर खाली का?

परवा मुलुंडच्या मावसभावाचा मेसेज आला, "दादा, एका शेअरचा पी/ई फक्त 6 आहे. एफडी मोडून दोन लाख टाकू का?" मी म्हटलं, अरे थांब, आधी तो आकडा काय सांगतोय ते बघू. म्हणून आजचा एपिसोड.

समजा, घाटकोपरच्या खाऊगल्लीत एक डोसावाला वर्षाला 5 लाख निव्वळ नफा कमावतो आणि धंदा 50 लाखांना विकायला काढतो. म्हणजे एका वर्षाच्या नफ्याच्या 10 पट किंमत. झाला पी/ई 10! शेअरचंही तेच: शेअरची किंमत भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा. या नफ्याला ईपीएस म्हणतात.

आता खरी केस घेऊ. डीमार्टचं पहिलं दुकान 2002 साली आपल्या पवईत सुरू झालं. मार्च 2017 मध्ये आयपीओ आला, 299 रुपयांना. ऑक्टोबर 2021 मध्ये शेअर 5,900 च्या आसपास पोचला. त्याआधीच्या आर्थिक वर्षाचा, म्हणजे 2020-21 चा, नफा होता सुमारे 1,100 कोटी, शेअरमागे साधारण 17 रुपये. भागाकार करा: पी/ई जवळपास 347! ते कोविडचं वर्ष, नफा दबलेला होता हे खरं. पण लोक पुढच्या कित्येक वर्षांच्या वाढीचे पैसे आधीच मोजत होते, हेही खरं.

पुढे काय झालं? 2024-25 मध्ये नफा सुमारे 2,700 कोटींवर गेला, ईपीएस साधारण 41.5. नफा जवळपास अडीच पट! पण मार्च 2025 च्या अखेरीस शेअर 4,100 च्या आसपास होता, पी/ई साधारण 99. म्हणजे कंपनी वाढली, आणि तरी वरच्या भावात घेणारा तोट्यात. चांगली कंपनी आणि चांगला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग कमी पी/ई म्हणजे स्वस्त? तसंही नाही. भावाच्या त्या कंपनीचा रिझल्ट आम्ही उघडून बघितला. शेअर 120 रुपयांना, ईपीएस 20. पण त्या 20 मधले 16 रुपये जमीन विकून आलेले! जमीन काय दरवर्षी विकता येत नाही. धंद्याची कमाई फक्त 4 रुपये, म्हणजे खरा पी/ई 30.

तर पी/ई बघताना तीन गोष्टी तपासा. एक, नफा रोजच्या धंद्यातून आलाय की एकदाच मिळालाय? दोन, तुलना त्याच क्षेत्रातल्या कंपनीशी करा. बँकेचा पी/ई रिटेलशी लावू नका. तीन, कंपनीचा स्वतःचा मागच्या पाच-सात वर्षांचा पी/ई बघा. आणि कंपनी तोट्यात असेल तर पी/ईला अर्थच उरत नाही.

मी काही सेबी-नोंदणीकृत सल्लागार नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे हा कुठलाही शेअर घ्या किंवा विका असा सल्ला नाही. भावाची एफडी मात्र अजून शाबूत आहे! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.