बिऱ्हाड हॉलंडास निघतें

पुढें डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी १८८३ सालच्या एप्रिल महिन्यांत कलकत्त्याहून आगबोटीनें अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांस पासपोर्ट काढावा लागला नाहीं. हिंदुस्थानांत पासपोर्टाचा कायदा झाला तो १९२० सालीं. आनंदीबाईंच्या काळीं समुद्र ओलांडणारास सरकार फारसें विचारीत नसे. विचारीत असे ती जात. जातांना लोक नांवें ठेवीत आणि परत आल्यावर प्रायश्चित्त मागत. आज जात कांहीं विचारीत नाहीं, उलट शेजारची मंडळी पेढे मागतात. परंतु विचारण्याचें तें काम आतां कागदानें आपल्याकडे घेतलें आहे. दोहोंपैकीं अधिक सोपें कोणतें, हें गेल्या पांच महिन्यांच्या अनुभवानंतर आम्हांस सांगतां येत नाहीं. पंचगव्य निदान एकदांच घ्यावें लागे.

आमचें बिऱ्हाड हॉलंडांतील आइंडहोव्हन या गांवीं निघालें आहे. (त्या देशाच्या सरकारानें २०२० पासून ‘हॉलंड’ हें नांव मागें ठेवून ‘नेदरलँड्स’ हेंच चालविलें आहे, परंतु तें आमच्या मातोश्रींच्या जिभेस वळत नाहीं, म्हणून येथें जुनेंच ठेवितों.) नोकरी तेथील कंपनीनें दिली, राहण्याच्या परवान्याचा अर्जही तेथील रीतीप्रमाणें तिनेंच केला, आणि तो मंजूरही झाला. येथवर सर्व सुरळीत होतें. पुढें कळलें तें असें कीं, तेथें पोंचल्यावर नगरपालिकेच्या दप्तरीं कुटुंबाचीं नांवें नोंदवावीं लागतात. त्याशिवाय नागरिक-क्रमांक मिळत नाहीं, आणि त्या क्रमांकावांचून पगार, बँक, विमा, सगळेंच अडून बसतें. या नोंदणीस जन्माचे दाखले लागतात, विवाहाचा दाखला लागतो, आणि प्रत्येकावर ‘अपॉस्टिल’ नांवाचा शिक्का लागतो.

हा अपॉस्टिल मोठा मौजेचा पदार्थ आहे. ज्या करारानें तो जन्मास आला, तो करार १९६१ सालच्या ऑक्टोबरच्या ५ तारखेस हॉलंडांतीलच हेग शहरीं झाला. भारतास तो २००५ पासून लागू आहे. शिक्का चौकोनी असावा, त्याची बाजू निदान नऊ सेंटिमीटर असावी, आणि त्याचा मथळा फ्रेंच भाषेंतच असावा, असें त्या करारांत लिहून ठेविलें आहे. आपला दाखला आधीं राज्य सरकारकडे खरा ठरावा लागतो, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो आणि तेथें त्यास हा फ्रेंच टिळा लागतो. इतकें होऊन तो टिळा सांगतो काय? तर दाखल्यावर सही करणारा अधिकारी खरोखरीचा आहे, एवढेंच. दाखल्यांतील मजकुराबद्दल तो कांहीं म्हणत नाहीं. आमचा जन्म झाला ही गोष्ट तीन कचेऱ्यांतून फिरून आली, तरी तिची हमी अजून कोणीं घेतलेली नाहीं.

पण शिक्का लागण्यास आधीं दाखला हवा. आमच्या जन्मगांवच्या दप्तरांतून आमची नोंद निघाली, तींत वडिलांचें नांव होतें, मातोश्रींचें होतें, तारीख होती, ‘पुरुष’ असाही उल्लेख होता. नांवाचा रकाना तेवढा कोरा होता. यांत कोणाचा दोष काढावा? जन्माची वर्दी रुग्णालयानें चौथ्या दिवशीं दिली आणि बारसें झालें बाराव्या दिवशीं. कानांत ‘कुर्र’ करून ठेविलेलें नांव कचेरींत जाऊन सांगावें, हें कोणास सुचलें नाहीं. आमच्या पिढीच्या किती तरी मंडळींची हीच कथा आहे. १९६९ च्या नोंदणी कायद्यांत मागाहून नांव घालण्याची सोय आहे: पहिल्या बारा महिन्यांत फुकट, पुढें पंधरा वर्षांपर्यंत विलंब-शुल्क देऊन, आणि जुन्या नोंदींसाठीं ही मुदत आपल्या राज्यांत वेळोवेळीं वाढविण्यांत आली आहे. ज्यांच्या घरीं लहान मूल आहे त्या वाचकांनीं हा लेख खालीं ठेवून आधीं दाखला काढून पाहावा. लेख कोठें जात नाहीं.

आमचें नांव आमचेंच, हें सिद्ध करण्यासाठीं शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आम्ही गेलों. तेथील कारकुनानें दाखला पाहिला, आमच्याकडे पाहिलें, आणि विचारलें, “मूल कोठें आहे?”

सौभाग्यवतींचा दाखला मात्र चोख निघाला. आमचे श्वशुर शिक्षक होते. त्यांनीं बारशाच्या दुसऱ्याच दिवशीं जाऊन लेकीचें नांव लिहविलें होतें. अडचण इतकीच कीं, त्या नांवाची बाई आमच्या घरांत राहत नाहीं. २००६ सालीं आमचा विवाह झाला, तेव्हां घरच्या चालीप्रमाणें ताटांतल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीनें दुसरें नांव लिहिलें गेलें आणि मातोश्रींनीं मोठ्या हौसेनें सर्वांस साखर वाटली. त्यामुळें जन्माच्या दाखल्यांत एक बाई, पदवीच्या कागदावर तीच बाई निराळ्या स्पेलिंगानें, आणि पासपोर्टावर तिसरीच. या तिघी एकच, असें प्रतिज्ञापत्र करून झालें. राजपत्रांत नांवबदल छापवून आणण्याचेंही झालें. मग विवाहनोंदणी. ती आमचीं व्हावयाची राहिली होती, कारण चारशें माणसें जेवून गेल्यावर विवाहास आणखी पुरावा लागेल असें कोणास वाटलें नव्हतें. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणें या अर्जावर तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. साक्षीदार पेठेंतल्या पेठेंत मिळाले. गुरुजींचा शोध केला, तो ते अमेरिकेंत न्यू जर्सीस एका देवळांत पूजा सांगत असल्याचें कळलें! अर्ज तेथें गेला, सही होऊन आला. आमच्याआधीं आमचा कागदच समुद्र ओलांडून आला, आणि प्रायश्चित्त न घेतां.

या धांदलींत एका रात्रीं जेवतांना सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, हॉलंडांत बायकांचें जन्माचें आडनांव सरकारी दप्तरांत आयुष्यभर तसेंच राहतें म्हणे. नवऱ्याचें हवें तर पत्रव्यवहारापुरतें वापरावें.” ही गोष्ट खरी आहे. आम्हीं ताटांत पाहिलें. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. आमच्या नऊ वर्षांच्या कन्येनें मात्र विचारलें, “आजी, तुझं आधीचं नांव काय होतं?”

मातोश्रींनीं भात कालवतां कालवतां तें सांगितलें. तें नांव त्या घरीं चोपन्न वर्षांत उच्चारलें गेलें नव्हतें. त्या नांवानें हाक मारणारा एक भाऊ होता, तोही गेल्याला सहा वर्षें झालीं. कन्येनें तें दोनतीनदां म्हणून पाहिलें. मग मातोश्रींनींच विषय बदलला आणि सौभाग्यवतींस म्हणाल्या, “तिकडे जें सोयीचं पडेल तें लाव गं. इथें आलीस कीं आम्ही आपलं म्हणूं तेंच म्हणूं.”

कागदांनंतर सामान. सामानाच्या बाबतींत सरकारांहून आप्तेष्ट अधिक कडक असतात. विमानाच्या पोटांत माणशीं तेवीस किलो नेतां येतात. आमच्या घरीं आलेल्या मंडळींनीं सुचविलेल्या जिनसांचें वजन एकदां आम्हीं गंमत म्हणून मांडलें, तें एकशें दहा किलो भरलें, आणि त्यांत कपडा एकही नव्हता. पुरणयंत्र, मोदकपात्र, सोलाणें, किसणी, विळी! विळी नेण्याचा आग्रह करणाऱ्या आमच्या आत्याबाईंस ती विमानांत हाताशीं ठेवतां येत नाहीं हें पटलें, परंतु पोटांत तरी न्यावीच, कारण “सुरीनें कोथिंबीर चिरल्यास चव जाते.”

खाण्याच्या पदार्थांचे नियम वाचतांना मात्र मातोश्रींचा युरोपावरील विश्वास पार उडाला. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशास मांसाबरोबर दुधाचे पदार्थही नेतां येत नाहींत. म्हणजे साजूक तूप नाहीं, पेढे नाहींत, खव्याची पोळी नाहीं. “तुपाला मांसाच्या पंगतीस बसविलं?” असें म्हणून त्या उठून गेल्या. २०१९ च्या डिसेंबरापासून ताजीं फळें, भाज्या व पाने यांसही रोपांच्या आरोग्याचा सरकारी दाखला लागतो, त्यामुळें कढीलिंबाची एक डहाळीही पिशवींतून जाणें नाहीं. सुटका मिळाली आहे ती पांच फळांस: अननस, नारळ, केळें, खजूर आणि ड्युरियन. हापूस त्यांत नाहीं. (हापुसाचें तिकडे पूर्वींपासूनच वांकडें आहे, फळमाशी सांपडल्यावरून युरोपानें २०१४ च्या मे महिन्यांत आपला आंबा बंदच केला होता, तो २०१५ सालीं पुन्हां खुला झाला.)

नारळ चालतो हें ऐकून घरांत अंमळ समाधान पसरलें. तें फार टिकलें नाहीं. ओला नारळ चालतो, सुकें खोबरें चालत नाहीं! वाळलेल्या खोबऱ्यांतील तेलामुळें तें आपोआप तापून पेट घेऊं शकतें, म्हणून विमानवाहतुकीच्या धोकादायक मालांच्या यादींत तें आहे. कापूरही त्याच यादींत आहे, पण कापूर पेटतो हें निदान सर्वांस ठाऊक असतें. खोबऱ्याच्या वाट्या मातोश्री वर्षानुवर्षें पत्र्याच्या डब्यांत, चुलीच्या अगदीं वरच्या फळीवर ठेवीत आल्या आहेत. त्यांनीं त्या दिवशीं डबा खालीं काढला, वास घेतला, आणि परत तेथेंच ठेविला. गोड्या मसाल्यांत भाजून कुटलेल्या खोबऱ्याचें काय, हें विचारण्याच्या फंदांत आम्ही पडलों नाहीं. तीच गोष्ट खसखशीची. हॉलंडांत ती राजरोस विकते. परंतु संयुक्त अरब अमिरातींत ती जवळ बाळगणें गुन्हा आहे, आणि दुबईवरून विमान बदलणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. आम्ही मसाला बिनखसखशीचा करविला. तो चांगला झाला आहे, असें घरांत कोणी कबूल करीत नाहीं.

तुळशीचा प्रश्न तर उपस्थित होण्याआधींच मिटला. परदेशची माती युरोपांत नेण्यास बंदी आहे आणि रोपास दाखला हवा. तुळस गच्चीवरच राहील. तिला पाणी वडील घालतील.

मिक्सरासंबंधीं दोन शब्द उपयोगी पडतील. अमेरिकेस गेलेल्या आमच्या चुलतबहिणीचा मिक्सर तेथें रुसून बसला, कारण तेथें विजेचा दाब एकशें वीस व्होल्ट. हॉलंडांत आपल्याप्रमाणेंच दोनशें तीस आहे; फक्त भिंतींतलीं भोकें निराळीं. लहानशी जोडणी घेतली कीं चटणी होते. सायकल मात्र येथून नेऊं नये. त्या देशांत माणसांहून सायकली अधिक आहेत. पुण्यासही एके काळीं सायकलींचें शहर म्हणत असत, आणि आमचे वडील चौतीस वर्षें सायकलीवरून कचेरींत गेले. ही हॉलंडची एकच गोष्ट त्यांस बिनतक्रार पसंत आहे.

आतां राहिली बँक. परदेशीं वास्तव्य झालें कीं आपलें साधें बचतखातें अनिवासी भारतीयाच्या खात्यांत बदलून घ्यावें लागतें, असा परकीय चलनाचा नियम आहे. आम्ही निघण्यापूर्वीं हें करावयास गेलों, तो उत्तर मिळालें कीं, आपण अद्याप निवासी आहां. अनिवासी झाल्यावर या. बरें, झाल्यावर येथें कसे येणार, असें विचारतां, कांहीं कागदांवर समक्ष सह्या लागतील एवढेंच कळलें. शेवटीं वडिलांच्या नांवें कुलमुखत्यारपत्र केलें. त्यांचें वय एकोणऐंशी. आजवर त्यांचे व्यवहार आम्ही पाहत होतों. पुढील महिन्यापासून आमचे ते पाहतील.

त्यांनीं एक वही घातली आहे. तींत वीज, गॅस, घरपट्टी यांचीं पानें आहेत, आणि शेवटच्या पानावर एक हिशेब आहे. युरोपांत पाहुणा म्हणून कोणत्याही एकशें ऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहतां येतें. ट्यूलिपांचा बहर एप्रिलांत असतो, तेव्हां मार्चअखेर यावें, जूनअखेर परतावें, मग सप्टेंबरअखेर पुन्हां जातां येईल, परंतु तेव्हां तेथें थंडी, आणि मातोश्रींचे गुडघे... हा हिशेब त्यांनीं तीन वेळां मांडून खोडला आहे. आम्हीं तो चोरून पाहिला.

वहीबरोबर आमचा जुना फोनही त्यांच्याकडे राहणार आहे, कारण बँकेचा सहा आंकड्यांचा ओटीपी येथल्या क्रमांकावरच येतो. आम्ही तिकडून कांहीं काम काढलें कीं त्यांनीं ते आंकडे वाचून दाखवावयाचे, अशी योजना आहे. रविवारीं तिचा सराव झाला. आम्ही आंतल्या खोलींत, ते ओसरीवर. पहिल्या दोन वेळां चष्मा सांपडेपर्यंत मुदत संपली. तिसऱ्या खेपेस जमलें. आम्हीं त्यांस सांगितलें कीं, हॉलंड आपल्या साडेतीन-साडेचार तास मागें आहे, आमची संध्याकाळ म्हणजे तुमची मध्यरात्र, तेव्हां बँकेचीं कामें आम्ही शनिवारीं सकाळींच करीत जाऊं.

“रात्रीं केलंस तरी चालेल,” ते फोन चष्म्याच्या घरांत घालीत म्हणाले. “मी जागाच असतों.”