पिल्लाचा आहार आणि आपले अणुव्रत

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांमध्ये अन्नपाननिरोधाचीही गणना आहे. घरी कुत्र्याचे पिल्लू आणणाऱ्या श्रावकाने हे स्मरणात ठेवावे. केवळ दूध-पोळीवर पिल्लाचे पोषण होत नाही. वाढीच्या वयात त्याला प्रथिने व कॅल्शियम अधिक लागतात. शाकाहारी कोरडे खाद्य बाजारात मिळते. परंतु ‘शाकाहारी’ हा एकच शब्द पाहून ते घेऊ नये. ते पिल्लांसाठी संपूर्ण आहार आहे काय, हे पिशवीवर वाचावे. अमेरिकी मानकानुसार ओलावा वगळून त्यात किमान २२.५ टक्के प्रथिने हवीत. जुन्या अन्नात मिसळून आठवडाभरात बदल करावा. कांदा-लसूण आपल्याकडे वर्ज्यच. पण बेदाणेही कुत्र्याला विषारी असतात. वजन वाढत नसल्यास पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा व तो मानावा. आपले व्रत पाळताना मुक्या जिवाची उपासमार घडली, तर ते व्रत कसले?