आत्याचा नवा प्रश्न

सिल्वासात डिसेंबर म्हणजे वर्षातला सगळ्यात सुखाचा महिना. चिखल नाही, उकाडा नाही. त्यामुळे लंडनची मामेबहीण फोनवर "हिवाळा आला की काही नको वाटतं" म्हणायची, तेव्हा आम्ही हसायचो. दहा-दहा तास झोप, गोडाची हाव, मैत्रिणींचे फोन टाळणं. आईचं निदान एकच: आळस! मार्चनंतर ती पुन्हा पहिल्यासारखी. दुसऱ्या हिवाळ्यातही तेच झालं, तेव्हा मी वाचायला बसलो.

डिसेंबरात आपला दिवस जवळपास अकरा तासांचा, लंडनचा आठाहूनही कमी. नॉर्मन रोझेन्थाल हे मानसोपचारतज्ज्ञ दक्षिण आफ्रिकेतून न्यूयॉर्कला गेले आणि तिथल्या हिवाळ्यात त्यांनाही असंच मरगळल्यासारखं झालं. पुढे १९८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह या ऋतुमानानुसार येणाऱ्या नैराश्यावर शोधनिबंध लिहिला.

बहीण डॉक्टरांकडे गेली. समुपदेशन सुरू झालं, शिवाय रोज सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसायचं, त्याच्याकडे टक न लावता. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड जेमतेम काहीशे लक्स, त्यामुळे त्याने भागत नाही. काहींना गोळ्याही लागतात. डोळ्यांचा विकार किंवा बायपोलर आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा दिवा लावू नये.

आपल्याकडे कुणाचं मन असं आठवडेच्या आठवडे बसलेलं दिसलं, तर ऋतू कुठलाही असो, टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. मराठीतही बोलता येतं.

आई आता भाचीला "जेवलीस का?"च्या आधी विचारते, "दिव्यासमोर बसलीस का गं?"