मैदान कोणाचे?

मुंबईच्या आझाद मैदानात एक कोपरा मोर्चेकऱ्यांसाठी राखून ठेवलेला आहे. मागण्यांचे फलक घेऊन त्या कोपऱ्यात बसण्यात आमच्या आयुष्याचे कितीतरी दिवस गेले. मंत्रालयातून बोलावणे येण्याची वाट पाहत उन्हात बसावयाचे, आणि समोर पाहावे तो पोरांचे क्रिकेट चाललेले. एका मैदानावर बावीस खेळपट्ट्या. एका सामन्यातला क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाला जवळजवळ खेटून उभा. याच मैदानावर फेब्रुवारी १९८८ मध्ये, हॅरिस ढालीच्या सामन्यात, सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन शाळकरी पोरांनी ६६४ धावांची भागी रचली.

एकदा धरण्यावर बसलो असता शेजारच्या एका सफाई कामगाराने आम्हांला विचारले, "भाऊ, हे मैदान कुणाचं हो?"

आम्ही पुढारीपणाच्या सवयीने ठोकून दिले, "आपलं. सगळ्यांचं."

"ते झालंच. पण कागदावर कुणाचं?"

आम्ही गप्प बसलो. बोनस आणि ग्रॅच्युइटी यांची कलमे आम्हांला तोंडपाठ होती; पायाखालच्या जमिनीचा कागद आम्ही कधी पाहिला नव्हता. आमचे शालेय शिक्षण गिरणीच्या संपात संपले. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, करार आणि कोर्टाचे निकाल वाचून शिकलो. तीच पद्धत या प्रश्नाला लावून पाहिली. जे हाती लागले ते आपल्यापुढे मांडीत आहोत.

मैदानावर चार निरनिराळ्या प्रकारचे हक्क असू शकतात, आणि आपण चारही एकत्र कालवतो. चाळीतल्या खोलीवरून हे ध्यानात येईल. चाळ ज्याच्या नावावर, तो मालक. ठरल्या मुदतीपर्यंत भाडे भरून राहतो, तो पट्टेदार. त्याच्या खोलीत पथारी पसरणारा गाववाला, त्याला नुसती परवानगी. ती आज आहे, उद्या नाही. आणि चौथा हक्क शहराचा. अमुक जागेवर घरेच असावीत, तमुक जागेवर मैदानच असावे, असे शहराचा आराखडा ठरवितो आणि तो मालकालाही बांधून ठेवतो. खेळाच्या जागेवरून जे तंटे होतात ते बहुधा या चौघांच्या ओढाताणीतून होतात. मुंबईने चारही प्रकार पाहिले आहेत.

प्रथम परवानगीचा प्रकार घेऊ. आजची ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदाने म्हणजे एका मोठ्या एस्प्लनेड मैदानाचेच तुकडे होत. १८८० नंतरच्या दशकात त्या मैदानावर पारशी आणि हिंदू तरुण क्रिकेट खेळत असत. युरोपियनांच्या जिमखान्याला आपले स्वतंत्र, राखलेले हिरवे मैदान होते; तेथे एतद्देशीयांना मज्जाव. परंतु जिमखान्याचे साहेब लोक पोलो खेळावयाला येत ते मात्र या तरुणांच्या जागेवर. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडली जाई. तरुणांनी सरकारकडे अर्जावर अर्ज केले. सरकारने एकदा त्यांचे म्हणणे मानले आणि मग साहेबांच्या आग्रहाखातर तो निकाल फिरविला. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी १८९७ साली या झगड्याचा इतिहास पुस्तकरूपाने छापला. युनियनमध्ये नव्याने येणाऱ्या पोरांनी तो इतिहास समजून घ्यावा असे आम्हांला वाटते. हे अर्जदार वर्षानुवर्षे तेथे खेळत होते, संख्येने अधिक होते, न्यायही त्यांच्या बाजूचा होता. नव्हता तो कागद. पुढे मरीन लाइन्सला समुद्राकाठची जमीन पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना मिळाली, तेव्हा कोठे त्यांच्या पायाला हक्काची माती लागली. तीही जातवार वाटून, हे विसरता येत नाही.

दुसरा प्रकार मालकाचा. १९३३ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ही संस्था निघाली. बॅकबेच्या भरावातली ९०,००० चौरस वार जमीन तिला साडेतेरा रुपये वार या दराने मिळाली. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांचे नाव देऊन तेथे स्टेडियम बांधले आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी ते खुले झाले. स्टेडियम देखणे, त्याविषयी वाद नाही. वाद निघाला तो खुर्च्यांवरून, आणि तोही पहिल्याच वर्षी. १९३७ च्या पंचरंगी स्पर्धेत आपल्या वाट्याला आलेल्या जागा अपुऱ्या आहेत म्हणून हिंदू जिमखान्याने भागच घेतला नाही.

स्वातंत्र्यानंतर तोच तंटा दुसऱ्या रूपाने चालू राहिला. स्टेडियम क्लबचे, आणि शहराचे क्रिकेट चालविणारी संस्था वेगळी: बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. कसोटी सामना आला की असोसिएशनने क्लबकडे जागा मागावयाची आणि क्लबने हात आखडता घ्यावयाचा. दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात हा आमच्या धंद्याचा पहिला धडा आहे. क्लब म्हणे, आम्ही पैसा घातला, आमच्या सभासदांना आम्ही शब्द दिला आहे. असोसिएशन म्हणे, बारा महिने मैदानामैदानांतून खेळ जिवंत ठेवतात ते आमचे लहानलहान क्लब. कसोटीच्या दिवशी त्यांनी काय बाहेर उभे राहावयाचे? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. परंतु किल्ली एकाच्याच हातात होती. १९७३ च्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीनंतर हा तंटा विकोपाला गेला.

असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी मग निराळा मार्ग धरला. ब्रेबोर्नपासून हाकेच्या अंतरावर, चर्चगेट स्टेशनाला लागून, सुमारे तेरा महिन्यांत दुसरे स्टेडियम उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तेथे पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या. ब्रेबोर्नला पुढची कसोटी पाहावयाला २००९ साल उजाडावे लागले. एवढ्याशा टापूत दोन स्टेडियमे, आणि त्यांतले एक कसोटी सामन्यांवाचून छत्तीस वर्षे उभे! इतकी मोठी किंमत शहराने खुर्च्यांच्या वाटपासाठी मोजली.

आता तिसरा प्रकार, पट्टेदाराचा. वानखेडे स्टेडियम असोसिएशनने बांधले खरे, पण खालची जमीन शासनाची, पन्नास वर्षांच्या पट्ट्याने दिलेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पट्ट्याची मुदत संपली. २०१९ मध्ये थकबाकीपोटी सुमारे १२० कोटी रुपयांची मागणी करणारी नोटीस जिल्हाधिकाऱ्यांकडून निघाल्याचे वृत्तपत्रांत आले. मालकाच्या जाचाला कंटाळून स्वतःचे घर बांधावे आणि पन्नास वर्षांनी कळावे की जमीन आपली नव्हेच, असा हा मामला आहे. सिमेंट आपले असले म्हणजे माती आपली होत नाही.

आणि सामान्य प्रेक्षकाचे काय? २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्टेडियमची क्षमता सुमारे ३३,००० माणसांची. त्यांतली उघड विक्रीसाठी आली ती सुमारे ४,००० तिकिटे. खुर्च्यांच्या न्यायासाठी जे स्टेडियम उभारले, त्याच्या खिडकीपुढे कामगार रांगेतच राहिला. क्लबच्या जागी असोसिएशन आली, एवढाच फरक. दोष एखाद्या पदाधिकाऱ्याचा आहे असे आम्ही म्हणत नाही. शासनाने जमीन दिली तेव्हा पट्ट्यात भाडे लिहिले, मुदत लिहिली. इतकी तिकिटे जनतेला दिलीच पाहिजेत अशी एक ओळ अशा कागदांत लिहून घेता येते. कागद लिहिला जात असताना तसा आग्रह धरणारा कोणी तेथे असावा लागतो.

तथापि स्टेडियम म्हणजे खेळाचे लग्नघर आहे. तेथे सोहळा होतो; संसार होतो तो सरावाच्या मैदानावर. डॉ. कांगा यांच्या नावाची लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाऊ लागली ती मैदानांवर, ओल्या गवतात आणि चिखलात. मुंबईचे फलंदाज त्या चिखलात तयार झाले. मैदानावर ज्या क्लबांचे तंबू दिसतात त्यांची मालकी तंबूच्या कापडापुरती असते. मातीपुरती त्यांना परवानगी असते. म्हणून स्टेडियमच्या मालकीसाठी मोठी माणसे भांडतात तेव्हा वर्तमानपत्रे भरून येतात, आणि सरावाचे मैदान नाहीसे होते तेव्हा चार ओळीही येत नाहीत.

येथे आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात आमची युनियन होती. कारखान्यामागे मोकळे मैदान होते. पहिली पाळी सुटली की तेथे कबड्डीचा सराव चाले, रविवारी क्रिकेट. त्या संघातली चारदोन पोरे खेळाच्या जोरावर दुसरीकडे बऱ्या नोकरीला लागली. दर तीन वर्षांनी आम्ही व्यवस्थापनाशी करार करीत होतो. त्यात कँटीनच्या चहाचा दर होता, बुटांचा जोड होता, साबणाची वडीसुद्धा होती. मैदान नव्हते. एका तरुण कबड्डीपटूने आम्हांला विचारले होते, "साहेब, ग्राउंडचं पण लिहून घ्या ना." आम्ही त्याला म्हणालो, "अरे, ग्राउंड कुठं पळून जातंय?" काही वर्षांनी जमिनीचे भाव चढले, त्या बाजूला पत्रे ठोकले गेले आणि मैदान पळून गेले. आम्ही फाटकावर सभा घेतली, घोषणा दिल्या. व्यवस्थापनाच्या अधिकाऱ्याने आमच्यापुढे आमचाच करार ठेवला आणि शांतपणे विचारले, "यात कुठे आहे?" त्या मुलाच्या डोळ्याला डोळा देणे आम्हांला पुढे फार दिवस जमले नाही.

उरला चौथा हक्क, शहराचा. हा सर्वांत बळकट दिसतो आणि सर्वांत लवकर निसटतो. मुंबईच्या गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश गृहनिर्माणासाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाकडे, अशी वाटणी व्हावयाची होती. गिरणगावातल्या पोरांना त्यात मैदाने दिसत होती. २००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटणी सबंध जमिनीची न राहता, ज्या भागावर बांधकाम नाही तेवढ्याचीच धरावयाची असे ठरले. गिरणी म्हणजे बांधकामच बांधकाम. मोकळा भाग असा किती असणार? उच्च न्यायालयात या बदलाविरुद्ध निकाल लागला, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. दोनचार शब्द बदलले आणि मैदाने आकसली. ते शब्द बदलले जात होते तेव्हा आम्ही रस्त्यावर देणी मागत होतो. देणी मागणे चूक नव्हते. पण नियम वाचावयालाही एक माणूस बसवावयास हवा होता.

ही गोष्ट केवळ मुंबईची नाही. आपल्या शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानांसाठी आरक्षणे असतील. ती कायमची असतात असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात १२७ वे कलम आहे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत नगरपालिकेने आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक तिला नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. मालकाच्या दृष्टीने यात अन्याय नाही; त्याची जमीन जन्मभर अडकवून कशी ठेवणार? पण याचा अर्थ असा की मैदान वाचविण्याची वेळ बुलडोझर येतो तेव्हाची नसते. ती त्या २४ महिन्यांतली असते, आणि ते महिने कचेरीतल्या एका फायलीत निमूटपणे सरत असतात.

म्हणून प्रत्येक मैदानाविषयी तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेऊ. जमीन कोणाच्या नावावर आहे? खेळणाऱ्यांकडे पट्टा आहे की नुसती परवानगी, आणि तिची मुदत केव्हा संपते? आराखड्यात त्या जागेवर काय लिहिले आहे आणि त्याला किती वर्षे झाली? मालकाचे नाव मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर सापडते. आराखड्याचा नकाशा नगररचना विभागात पाहावयास मिळतो. पट्ट्याची प्रत २००५ च्या माहिती अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जाने मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर यावयास पाहिजे. क्रीडामंडळांनी आपल्या ढाली ज्या कपाटात ठेवल्या आहेत त्याच कपाटात हे तीन कागद ठेवावेत. नवा पट्टा होत असेल तर त्यात सरावाचे तास, मुलामुलींचा प्रवेश आणि जनतेची तिकिटे आकड्यांत लिहून घ्यावीत. नुसत्या सद्भावनेची नोंद कोर्टात उपयोगी पडत नाही.

त्या सफाई कामगाराला आम्ही पुढच्या धरण्यावर उत्तर दिले. जमीन शासनाची, खेळपट्ट्या क्लबांकडे, परवानगीने, आणि आपण बसलो आहोत तो कोपराही परवानगीनेच. त्याने क्षणभर समोरच्या पोरांकडे पाहिले आणि म्हणाला, "म्हणजे ती पण आपल्यासारखीच." मग त्याने आमच्याकडून अर्जाचा नमुना मागून घेतला. त्याच्या वस्तीजवळ एक मैदान आहे. त्याचा कागद त्याला पाहावयाचा होता.