विश्लेषण : टॅरोचे पत्ते खरेच भविष्य सांगतात का? खेळाचे झाले ज्योतिष, ते कसे?

नोकरी बदलू का, लग्न जमेल का, अडकलेले पैसे परत मिळतील का? असे प्रश्न घेऊन पूर्वी ज्योतिषाकडे जावे लागे. आता मोबाइलवर रील सरकवता सरकवता 'तीनपैकी एक पत्ता निवडा' असे कुणीतरी सांगते आणि भविष्य हजर होते. व्हिडिओ कॉलमुळे रत्नागिरीत घरी बसून देशातल्या कोणत्याही टॅरो वाचकाला प्रश्न विचारता येतो. हे पत्ते आले कुठून, त्यांचा अर्थ लावतात कसा आणि सावध कुठे राहायचे?

टॅरो म्हणजे नेमके काय?

टॅरोच्या संचात 78 पत्ते असतात. त्यातले 22 'मेजर अर्काना', म्हणजे मोठे पत्ते. मूर्ख, सम्राज्ञी, मृत्यू, मनोरा, सूर्य, जग अशी चित्रे त्यांवर असतात. उरलेले 56 'मायनर अर्काना'. हे नेहमीच्या पत्त्यांसारखे चार रंगांत विभागलेले असतात. कप म्हणजे भावना, वँड म्हणजे काम आणि उमेद, तलवारी म्हणजे विचार आणि संघर्ष, तर पेंटॅकल म्हणजे पैसा आणि व्यवहार, असे ढोबळ संकेत आहेत. पत्ता उलटा आला तर अनेक वाचक अर्थही बदलतात. 'मृत्यू'चा पत्ता पाहून नवखा माणूस दचकतो. पण वाचकांच्या संकेतानुसार त्याचा अर्थ एक टप्पा संपून दुसरा सुरू होणे असा आहे, कुणाचे मरण असा नव्हे.

ही प्राचीन गूढविद्या आहे का?

नाही. टॅरोचा जन्म पंधराव्या शतकात उत्तर इटलीत झाला आणि तोही पत्त्यांचा खेळ म्हणून. 1781 मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने हे पत्ते प्राचीन इजिप्तच्या ज्ञानाचे अवशेष असल्याचे लिहिले. त्याला पुरावा नव्हता, पण कल्पना रुजली आणि पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा व्यवसाय फोफावला. आज सर्वाधिक दिसणारा संच लंडनमध्ये 1909 साली निघाला. ए. ई. वेट यांच्या सूचनांनुसार पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने तो रंगवला. आधीच्या बहुतेक संचांत लहान पत्त्यांवर फक्त चिन्हे असत. स्मिथ यांनी त्यातल्या बहुतेक पत्त्यांवर माणसांचे प्रसंग काढले आणि अर्थ लावणे सोपे झाले.

कोकणालाही देवादिकांची चित्रे असलेले पत्ते नवे नाहीत. 1981 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या सावंतवाडीची गोल गंजिफा प्रसिद्ध आहे. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी 12, असे 120 पत्ते असतात. त्यांची ओळख मात्र खेळ आणि कला हीच राहिली.

वाचन कसे चालते?

समजा, रत्नागिरीजवळच्या गावातला एक तरुण विचारतो, 'मुंबईची नोकरी धरू की घरची आंब्याची कलमे सांभाळू?' वाचक पत्ते पिसून भूत, वर्तमान आणि भविष्य यांसाठी तीन पत्ते मांडतो. पहिला येतो पेंटॅकलचा अठ्ठा. त्यावर मान खाली घालून काम करणारा कारागीर आहे. दुसरा तलवारींची दुर्री, डोळ्यांवर पट्टी बांधून दोन तलवारी धरलेली स्त्री. तिसरा तलवारींचा छक्का, माणसांना पैलतीरी नेणारी होडी.

आता होडीचा अर्थ काय? घर सोडून मुंबईला जा, असा लावता येतो. शहराचा ताण मागे टाकून गावी परत ये, असाही लावता येतो. तरुणाचा चेहरा कोणत्या वाक्याला खुलतो, हे वाचकाला समोर दिसत असते. क्रम धरला तर 78 पत्त्यांतून तीन पत्ते 4,56,456 प्रकारे येऊ शकतात. त्यातला कुठलाही क्रम आला तरी त्यावरून या प्रश्नाला लागू पडेल अशी गोष्ट रचता येते.

मग ते 'तंतोतंत जुळते' कसे?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये 39 विद्यार्थ्यांना 'खास तुमचे' म्हणून व्यक्तिमत्त्वाचे वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांच्या हाती एकच मजकूर होता. 'वरून खंबीर वाटता, पण आतून काळजी करता' यासारखे वाक्य बहुतेकांना आपलेच वाटते. शिवाय जुळलेले लक्षात राहते, चुकलेले विसरले जाते.

भविष्यकथनाची कठोर चाचणी महाराष्ट्रातही झाली आहे. ती टॅरोची नव्हे, कुंडलीची होती. डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींच्या सहकार्याने 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या कुंडल्या वापरून 2008 मध्ये हा प्रयोग केला. प्रत्येकी 40 कुंडल्या पाहून कोणती कोणाची हे ज्योतिषांनी ओळखायचे होते. उत्तरे पाठवणाऱ्या 27 ज्योतिषांचे सरासरी यश 46 टक्के होते. नाणे उडवले असते तरी 50 टक्क्यांच्या आसपास उत्तरे बरोबर आली असती.

कौल आणि टॅरो यांत फरक काय?

कोकणात ग्रामदेवतेला कौल लावण्याची प्रथा आहे. गाऱ्हाणे घालून देवाच्या पाषाणाला कळ्या किंवा तांदूळ लावतात. उजवीकडचे आधी पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. पद्धत गावागणिक थोडी बदलते. कौलाचे उत्तर खरे मानायचे की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न. पण ते हो किंवा नाही असे एकच असते आणि गावातल्या चारचौघांसमोर येते. टॅरोचे उत्तर बंद दाराआड किंवा फोनवर मिळते आणि नंतर कसेही वळवता येते. जे कधी चुकूच शकत नाही, ते बरोबर आले असेही म्हणता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

2013 च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात टॅरोचे नाव नाही आणि ज्योतिषांचा सल्ला त्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. मात्र चमत्काराचा दावा करून लुबाडणे किंवा अलौकिक शक्तीची भीती घालणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ऑनलाइन पैसे उकळले गेल्यास 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करता येते.

सावध कुठे राहायचे?

करमणूक म्हणून पत्ते पाहण्यात फारसे बिघडत नाही. चित्रांच्या निमित्ताने मनातला गुंता बोलून दाखवता आला, तर हलके वाटते. कान देऊन ऐकणारे माणूस मिळाले, हाच अनेकदा त्यातला खरा दिलासा असतो. पण 'तुमच्यावर कुणीतरी करणी केली आहे, उपाय करावा लागेल' असे सांगून आणखी पैसे मागितले गेले, तर कॉल तिथेच बंद करावा. आजारपण, कर्ज आणि कोर्टकचेरीचे निर्णय पत्त्यांवर सोडू नयेत. मन फारच खचले असेल, तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

त्या तरुणापुढचा प्रश्नही पत्ते गोळा केल्यावर तसाच उरतो. पगार किती, भाडे किती, बागेचा वर्षाचा खर्च आणि उत्पन्न किती, घरच्यांचे म्हणणे काय, हे त्यालाच मांडून बघावे लागेल. होडी कोणत्या काठाला लावायची, हे चित्रातला नावाडी ठरवत नाही.